वीस लिटर खारं पाणी

घरात समुद्री माशांची टाकी आहे असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न खर्चाचा येतो आणि दुसरा हमखास हा, "मग समुद्राचं पाणी आणता कुठून?" मी म्हणतो, आणत नाही, घरी करतो. समोरचा माणूस आधी हसतो, मग जरा दुखावल्यासारखा होतो. विशेषतः तो आमच्या कोकणातला असेल तर. तुम्ही दाभोळ खाडीच्या काठचे, बापजाद्यांनी होड्या चालवल्या, आणि तुम्ही परदेशातून डब्यात आलेलं मीठ नळाच्या पाण्यात कालवून समुद्र बनवता?

हो, बनवतो. दर गुरुवारी रात्री वीस लिटर. गेली दहा वर्षं. त्यातली शेवटची तीन वर्षं हे काम माझं एकट्याचं राहिलेलं नाही, म्हणून हा लेख.

टाकी तशी लहान. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. वाळू, दगड वजा केले तर ११० लिटरच्या आसपास पाणी. आत दोन क्लाउनफिश, एक छोटी कोळंबी, काही गोगलगाई. दर आठवड्याला त्यातलं वीस लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. माशांची घाण टाकीतले जिवाणू फोडतात, पण शेवटी नायट्रेट उरतं आणि ते साठत जातं. समुद्रात ते कुठल्या कुठे जातं. काचेच्या पेटीत जायला जागा नसते, ते बादलीनंच बाहेर काढावं लागतं.

अब्बांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते गावी होते. डावी बाजू गेली. जीभ सहा महिन्यांत बरीचशी सुटली, हात आणि पाय मागे राहिले. गावचं घर बंद करून अब्बा-अम्मीला आम्ही मुंब्र्याला आणलं. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल. अब्बांची खाट हॉलमध्येच लावावी लागली, आणि हॉलच्या त्याच भिंतीला टाकी होती. दुसरीकडे हलवायला जागाच नव्हती.

अब्बा आयुष्यभर पाण्यावर राहिले. आधी गावात मासेमारीच्या लाँचवर, नंतर बावीस वर्षं आखातात, बहरीन आणि कुवेतच्या बंदरांत टगवर. टीव्ही त्यांना सोसत नाही. मासे काचेत ठेवायचे ही कल्पना तर त्यांना आधीपासूनच खुळचट वाटायची. सुट्टीत आले की टाकीकडे पाहून म्हणायचे, एवढ्याशा मासळीला एवढा पैसा, आणि खायची पण नाही. (अब्बा आमच्या कोकणीत बोलतात. इथे मी ते मराठीत लिहितो आहे, त्यात त्यांची अर्धी धार जाते याची मला कल्पना आहे.) आता खाटेवर पडून दिवसभर समोर तेच दोन मासे.

पहिला महिना ते भिंतीकडे तोंड करून असत. मग एका गुरुवारी मी बादली भरत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, काय करतोस? मी सांगितलं. म्हणाले, गावातून मागव ना पाणी, फुकट आहे.

खरं म्हणजे समुद्राचं पाणी वापरता येत नाही असं नाही. जगात अनेक मोठी मत्स्यालयं तेच वापरतात. किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यातून पंपानं घेतात, गाळतात, अंधाऱ्या टाक्यांत ठेवतात. अंधारात का, तर समुद्राचं पाणी जिवंत असतं. एका पेल्यात हजारो सूक्ष्म जीव असतात. कॅनमध्ये बंद करून उन्हात ठेवलं की ते मरतात, सडतात, आणि दोन-चार दिवसांत कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. आणि मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरचं पाणी? खाडीत कुणाकुणाचं काय काय येतं ते आपण सगळे जाणतो. ते पाणी मी माशांनाच काय, शत्रूलाही देणार नाही.

पण अब्बांचा हट्ट. चुलतभाऊ ऑगस्टमध्ये गावाहून येणार होता, त्यानं चार कॅन भरून आणले. मी काही म्हणालो नाही, रिफ्रॅक्टोमीटर काढला. ही हातभर नव्हे, वीतभर लांबीची दुर्बीण असते. पुढच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. पाण्यात क्षार जितके जास्त तितका प्रकाश जास्त वळतो, आणि निळ्या-पांढऱ्या रेषेवर आकडा दिसतो. समुद्राचा आकडा ३५. म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. त्या कॅनमधल्या पाण्याचा आला १८.

अब्बांना मी आकडा सांगितला नव्हता. त्यांनी उजव्या हाताचं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. "ओहोटीला भरलंय. खाडीच्या तोंडाशी. आणि पाऊस पडत असताना." चुलतभाऊ गप्प. तसंच झालं होतं. पावसाळ्यात वाशिष्ठी फुगते, सगळं गोडं पाणी खाडीत उतरतं, आणि ओहोटीला तेच बाहेर वाहतं. तिथली मासळी त्याला सरावलेली आहे, ती खाली-वर करते, आत-बाहेर होते. माझ्या टाकीतल्या माशांना खाली-वर करायला सव्वा फूटच आहे. शिवाय एक कॅन आधी खाद्यतेलाचा होता, त्यावर तवंग होता. चारही कॅन संडासात ओतले. त्या दिवसापासून गावच्या पाण्याचा विषय संपला आणि अब्बांनी माझ्या दुर्बिणीत पहिल्यांदा डोळा घातला.

दुसरा विषय अम्मीचा. समुद्राचं पाणी नको तर नको, पण मग मीठ तरी आपलं घे. पेणकडचं खडा मीठ किती स्वस्त मिळतं! तुझ्या डब्यातलं मीठ सोन्याच्या भावाचं. तिचं म्हणणं सरळ होतं. मिठागरातलं मीठ समुद्रातूनच येतं, मग ते परत पाण्यात घातलं की समुद्र का होऊ नये?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो चुकीचा नाही, अर्धा आहे. समुद्राच्या क्षारांत क्लोराइड आणि सोडियम मिळून ८५ टक्क्यांच्या वर भरतात, तेच आपलं मीठ. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि मग इतर पुष्कळ, अगदी चिमूटचिमूट. मिठागरात पाणी आटवत नेतात तेव्हा हे सगळे एकदम खाली बसत नाहीत. आधी चुन्याचा अंश बसतो, मग जिप्सम, आणि पाणी आटून मूळच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ धरू लागतं. आगरी ते ओढून ढीग करतो. मागे जे कडवट पाणी राहतं त्यात मॅग्नेशियम उरतं, आणि ते पाणी तो सोडून देतो, कारण ते मिठात राहिलं तर मीठ कडू लागतं आणि पाझरतं. म्हणजे चांगलं मीठ करण्याची सगळी कला समुद्रातून बाकीचं वगळण्याची आहे. आपल्या जेवणाला तेच हवं. कोळंबीला मात्र कवच बांधायला तो वगळलेला चुनाच हवा. अम्मीनं हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग ते कडू पाणीही माग त्यांच्याकडून. उत्तर म्हणून वाईट नाही, पण त्या पाण्यात नेमकं काय किती आहे हे मोजणार कोण?

ते मोजण्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर नावाचं ब्रिटिश जहाज जगभर फिरलं आणि ठिकठिकाणच्या समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन आलं. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं त्यातले ७७ नमुने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. पाणी कमी खारं असो वा जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच. अलेक्झांडर मार्सेटनं ही शंका १८१९ मध्येच मांडली होती, डिटमारनं ती पक्की केली. आज माझ्यासारखा माणूस पाण्याचा एक थेंब काचेवर टाकतो आणि एकाच आकड्यावर विसंबतो, ते याच्या जोरावर. डब्यातलं मीठ जर समुद्राच्या प्रमाणात बनवलेलं असेल, तर ३५ हा आकडा जुळला की बाकीचं आपोआप आसपास येतं. कॅल्शियम लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या थोडं वर, मॅग्नेशियम १३०० च्या जवळ.

आता कृती. पण कृतीच्या आधी गोडं पाणी, आणि आमच्या घरात खरी भांडणं तिथेच आहेत.

नळाचं पाणी थेट चालत नाही. क्लोरीन असतं, ते तरी उडवता येतं. पण फॉस्फेट, सिलिकेट, जुन्या नळातलं तांबं यांचं काय? तांब्याचा अंश माणसाला लागत नाही, कोळंबी आणि गोगलगायींना मारतो. म्हणून पाणी आरओमधून काढायचं, मग डीआय रेझिनच्या नळकांड्यातून, आणि टीडीएस मीटरवर शून्य आलं की तेच वापरायचं. माझ्या यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेरच्या नळीतून जातं. आठवड्याला बदलायला वीस लिटर आणि टाकीतून उडून जाणाऱ्या पाण्याच्या भरपाईला दहा, असं तीस लिटर लागतं. म्हणजे नळाचं १२० लिटर घ्यायचं, त्यातलं ९० बाहेर.

(भरपाईबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नवीन लोक नेहमी विचारतात. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भरपाई गोड्या पाण्याची. तिथे खारं पाणी घालत राहिलं तर टाकीचा हळूहळू मिठागर होतो.)

आमच्या इमारतीत पाणी दिवसातून तास-दीड तास येतं, उन्हाळ्यात एक दिवसाआड, मे महिन्यात टँकर. टँकरचे पैसे सगळे घरटी सारखे भरतात. मागच्या वर्षी जिन्यात शेजारच्या खाला मला म्हणाल्या, "बेटा, तुमच्या मछलीच्या पाण्याचे पैसे आम्ही पण भरतो ना?" त्या रागानं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या घरी सात माणसं आहेत. मला उत्तर सुचलं नाही. इसराफ म्हणजे काय हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नका, ही हदीस आमच्या गावच्या मशिदीच्या हौदाशी मोठ्या अक्षरांत लावलेली होती. नव्वद लिटर म्हणजे किती जणांचं वजू होतं?

मी आधी हिशेब केला. आमच्याकडे नळाच्या पाण्याचा टीडीएस ९० च्या आसपास असतो. शुद्ध पाण्यात काहीच गेलं नाही असं धरलं, तर चार भागांचे क्षार तीन भागांत आले, म्हणजे बाहेरच्या नळीतलं पाणी १२० चं. मीटर लावून पाहिलं, ११८. हे सांडपाणी नव्हेच! कित्येक गावांत यापेक्षा कितीतरी जड पाणी लोक विहिरीतून पितात. त्या दिवसापासून बाहेरची नळी मोरीत सोडायची बंद. ती बाथरूममधल्या मोठ्या पिंपात जाते. कपडे, भांडी, फरशी, वजू, सगळं त्याच पाण्यात. त्या ९० लिटरसाठी आम्ही वेगळं पाणी भरत नाही. राहिलं तीस लिटर, जे खरोखर माशांचं आहे. टँकरच्या महिन्यात मी पाणी बदलतच नाही, फक्त भरपाई करतो आणि खाणं निम्मं देतो. नायट्रेट चढतं, काचेवर शेवाळ धरतं, पण क्लाउनफिश टणक असतात, चार आठवडे काढतात. हे मी खालांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, ठीक आहे. पटलं की सोडून दिलं, ते मला कळलेलं नाही. बायकोचं मत असं की सोडून दिलं.

तिचं स्वतःचं मत वेगळंच आहे. ती म्हणते, हिशेब करून माणूस स्वतःला पटवतो. मे महिन्यात ते तीस लिटर पण मोजायला लागतात, तेव्हा हा छंद या इमारतीतला नाही हे मान्य कर. अब्बा आले नसते तर मी कदाचित मान्य केलंही असतं.

कारण अब्बांचा गुरुवार या बादलीवर चालतो. सकाळपासून विचारतात, मीठ काढलंस का. मीठ काढण्यातही काम आहे. प्रवासात डबा हलून बारीक कण खाली बसतात, जाड वर राहतात, आणि प्रत्येक क्षाराचा कण वेगळ्या जाडीचा असतो. वरवरचं मीठ घेतलं तर एका आठवड्याला एक पाणी, दुसऱ्या आठवड्याला दुसरं. म्हणून झाकण घट्ट लावून डबा आडवा लोळवायचा. अब्बा खाटेवर बसून उजव्या पायानं तो पुढेमागे करतात. पावसाळ्यात मीठ दमट होऊन गोळे धरतं. पार दगड झालं असेल तर टाकून द्यावं, पण मऊ गोळे फोडून वापरता येतात. फिजिओथेरपिस्टनं डाव्या हातासाठी स्पंजचा चेंडू दिला होता, तो त्यांनी पलंगाखाली फेकला आणि तो तिथेच आहे. पण जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाऊण किलो मीठ दिलं की त्या हातानं ते गोळे चिमटत बसतात. तासभर. पहिल्या पावसाळ्यात एकही फुटत नव्हता. आता फुटतात. फिजिओ विचारतो काय व्यायाम करता, तर म्हणतात, नोकरी करतो.

वीस लिटरला पाऊण किलोच्या आसपास मीठ लागतं. आधी पाणी, त्यात छोटा पंप सोडून ते फिरतं ठेवायचं, मग मीठ थोडं थोडं. कधीच उलट नाही. बादलीत मीठ टाकून वर पाणी ओतलं तर तळाशी काही वेळ अतिशय दाट पाक होतो, त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात आणि चुना होऊन खाली बसतात. तो पुन्हा विरघळत नाही. आकडा ३५ दिसतो आणि कोळंबीला जे हवं ते पांढरी पूड होऊन तळाशी असतं. आधी पाणी दुधासारखं होतं, मग तासाभरात निवळतं. ते निवळताना बघायला अब्बांना आवडतं. बादली मुद्दाम पांढरी आणि खाटेच्या उंचीच्या स्टुलावर. थंड देशांत लोक हीटर लावतात, आपल्याकडे जानेवारीतही फारशी गरज पडत नाही, उलट जास्त तापलं तरी चुना बसतो. रात्रभर पंप चालू ठेवायचा म्हणजे हवा मिसळते.

हवा मिसळण्यावरून आठवलं. लंडनमध्ये १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी नेले. पंप नव्हते, वीज नव्हती. समुद्राचं पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज अर्धा-पाऊण तास ओतायचं, म्हणजे त्यात हवा जाईल. तसं करून त्यांनी ते प्रवाळ वर्षानुवर्षं जगवले. समुद्री टाकीच्या इतिहासात त्यांचं नाव पहिल्या काही नावांत येतं. ओतण्याचं काम मात्र बऱ्याचदा घरातली मोलकरीण करायची. तिचं नाव मला कुठे सापडलेलं नाही. अब्बांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, टगचं नाव पेपरात येतं का कधी? जहाजाचंच येतं.

शुक्रवारी सकाळी मोजमाप. आधी ३५ च्या प्रमाणित द्रावणानं रिफ्रॅक्टोमीटर जुळवून घ्यायचा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं तरी वर ३५ ला तो चुकलेला असू शकतो. पण मी डोळा लावायच्या आधी अब्बांची जीभ. त्यांना रक्तदाब आहे, झटका त्यातूनच आला, डॉक्टरांनी मीठ तोडलेलं. जेवण अळणी. आठवड्यातून एकदा नव्या पाण्याचा हा एक थेंब, आणि तो थुंकायचा, असं अम्मीशी ठरलेलं आहे. थुंकतात की नाही यावर अम्मीची नजर असते. मग ते आकडा सांगत नाहीत, जागा सांगतात. "हे बहरीनचं झालं." म्हणजे जास्त. आखात उथळ, ऊन कडक, नद्यांचं पाणी थोडं. तिथला आकडा ४० च्या आसपास असतो. किंवा "श्रावणातलं," म्हणजे कमी. बरोबर झालं की "बाहेरचं." म्हणजे खाडीच्या बाहेरचं, खुल्या दर्याचं. दहापैकी सहा-सातदा जुळतं. जुळलं नाही तर माझ्या दुर्बिणीला दोष. एकदा त्यांनी "फिकं" म्हटलं आणि माझा आकडा ३५ होता. मी पुन्हा द्रावण घालून जुळवलं, तरी ३५. ते अजून म्हणतात फिकं होतं.

आखातातल्या दिवसांत टगवर गोडं पाणी पिण्यापुरतंच असे, ते वजू समुद्राच्या पाण्यानं करत. समुद्राचं पाणी पाक आहे, ही सवलत खलाशांच्याच प्रश्नावर मिळालेली. त्या काळातल्या दर्यावर्दींनी विचारलं होतं की गोडं पाणी थोडंच नेता येतं, मग काय करू. अब्बा सांगतात, असरच्या नमाजनंतर हातावरचं पाणी वाळलं की केसांवर पांढरं दिसायचं.

माशांबद्दल त्यांचं मत अजून पुरतं बदललेलं नाही. मी त्यांना सांगितलं की ही जोडी समुद्रातून धरलेली नाही, टाकीतच जन्मलेली आहे. क्लाउनफिशची पैदास आता सर्रास होते, आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनंही ती साधली आहे. आणि आपल्या समुद्रातले प्रवाळ घरात आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून ते मी ठेवत नाही. अब्बा बराच वेळ माशांकडे बघत राहिले. मग म्हणाले, म्हणजे यांनी दर्या पाहिलाच नाही. मी म्हटलं, नाही. म्हणाले, तरी याच पाण्यात जगतात? मी त्यांना समजावलं की गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी आपोआप शिरतं, तो पीत नाही. समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी मात्र बाहेरचं खारेपण सतत खेचत असतं, म्हणून तो रात्रंदिवस समुद्र पितो आणि कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकतो. आकडा एकदम घसरला किंवा चढला की हा तोल जातो. तेव्हापासून आकड्याबाबत ते माझ्याहून कडक झाले आहेत.

टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्याचा प्रश्न उरतो. झाडांना घालता येत नाही, फरशीला चालत नाही. ते संडासात फ्लशसाठी जातं. पण गेल्या वर्षीपासून त्याआधी अब्बांना त्यात पाय बुडवायचे असतात. शुक्रवारी जुमाच्या आधी पंधरा मिनिटं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले जखम नसेल तर हरकत नाही. टाकीतल्या पाण्यात काही जिवाणू असतात, ते फुटलेल्या त्वचेतून आत गेले तर बरं व्हायला महिने लागतात. म्हणून अम्मी आधी दोन्ही पाय बघते. उजव्या पायाला पाणी गार लागतं, डाव्याला काहीच लागत नाही, असं ते दर वेळी सांगायचे.

गेल्या महिन्यात पाय बुडवल्यावर पाच मिनिटांनी म्हणाले, चुरचुरतंय. मी विचारलं, कुठला? त्यांनी डावा दाखवला. अंगठ्याच्या खाली, बोटांच्या बेचक्यात बारीक ओरखडा होता, अम्मीच्या नजरेतून सुटलेला. मी पाय झटकन बाहेर काढला, पिंपातल्या पाण्यानं साबण लावून धुतला. ते माझ्यावर ओरडत होते, ठेव, ठेव, राहू दे तिथे. अम्मी दारात उभी राहून रडत होती. फिजिओला फोन केला, तो म्हणाला, फार मोठं काही समजू नका, पण पुढच्या वेळी टाचणीनं तपासू. तपासलं. दोन जागी कळलं, बाकी नाही.

ओरखडा भरला. टाकीच्या पाण्यात पाय आता मी घालू देत नाही. त्याऐवजी अम्मी कोमट पाण्यात मूठभर खडा मीठ टाकून देते, पेणकडचं, स्वस्तातलं. अब्बा पाय ठेवतात आणि तक्रार करतात की हे बाहेरचं पाणी नाही. अम्मी म्हणते, पायाला काय कळतं? ते म्हणतात, कळतं.